सौ. पिलणकर यांच्या फोटोचा खुलासा

मांडवी, रत्नागिरी
कार्तिक वद्य तृतीया, शके १८५७

तीर्थस्वरूप केरूदादा तांडेल यांच्या पायांशी (पाय मचव्यावर असतील तर मचव्यासकट) तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा काशीराम पिलणकर याचा लोटांगण घालून नमस्कार. इकडे आम्ही, म्हणजे मी एकटाच, खुशाल आहे. तुमचा गुडघा उतरला असेल अशी आशा आहे. नवे शीड कसे काय धरते? घरच्या गाईला पाडी झाली की पाडा? सगुणा वहिनींचा उजवा हात कसा आहे? (हे का विचारतो ते पुढे कळेल. तूर्त एवढेच सांगतो की तो हात फार मजबूत आहे, आणि देव तो तसाच ठेवो, पण माझ्यापासून लांब ठेवो.)

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी तुम्ही मालवणच्या बाजूला गेला असताना तुमच्या नाटे गावच्या किनाऱ्यावर एक परकी बाई उतरली आणि आपल्या आळीतल्या बायकांनी तिला खराट्याने बडवून समुद्रात लोटली, ही हकिगत वहिनींनी तुम्हाला सांगितलीच असेल. अभिमानाने सांगितली असेल. त्या बाईविषयी मला थोडा खुलासा करायचा आहे. पण खुलासा मुळापासून करावा लागतो, आणि माझे मूळ तुम्हाला ठाऊक असले तरी सहा वर्षांत त्याला ज्या फांद्या फुटल्या त्या ठाऊक नाहीत. म्हणून जरा धीराने वाचा. (तुम्ही पत्र मोठ्याने वाचता आणि अर्धी आळी पडवीत येऊन बसते, हे मला माहीत आहे. कंसातला मजकूर मनात वाचावा ही विनंती.)

मी शिमग्याच्या खेळ्यांत गोमू होऊन नाचत असे. लुगडे नेसून, नथ घालून, अंबाडा बांधून. तुमच्या बहिणीने मला प्रथम पाहिले तेही त्याच वेषात. आमचे खेळे नाट्याला आले होते आणि तुमची आई तिला म्हणाली होती, बाई निर्लज्ज दिसते पण हात चांगले चालतात. पुढे त्याच बाईशी आपल्या मुलीचे लग्न होईल असे त्या माउलीला कुठून वाटणार! तर इंग्रजी एकोणतीस सालच्या शिमग्यात मांडवीला आमचा खेळ चालला असताना हवापालटासाठी आलेले एक गृहस्थ पुढे खुर्ची टाकून बसले होते. ते उत्तरेकडच्या एका संस्थानातल्या नव्या विद्यापीठाचे रजिस्ट्रार निघाले. तिथल्या राजेसाहेबांना नृत्याची शाखा काढायची होती. नाचणाऱ्या बायका मिळत होत्या, पण त्यांना विद्यापीठात आणायची दिवाणसाहेबांची हिंमत नव्हती. बाईसारखा नाचणारा पुरुष पाहून रजिस्ट्रारांना देव भेटल्यासारखे झाले. मी शाळेत मुलांना ड्रिल शिकवणारा मास्तर. सातव्या दिवशी मी नृत्याचा प्रोफेसर झालो. त्या वेळी आपण दोघांनी तुमच्या पडवीत बसून विचार केला होता, आठवते? तुम्ही म्हणालात, परमुलखात बायकोला नेऊन काय करणार? मी म्हणालो, खरेच की. किती शहाणपणाने आपण तो निर्णय घेतला! तुमची बहीण चिमा आत तांदूळ निवडत होती.

विद्यापीठात प्रोफेसराला काय करावे लागते याची मला कल्पना नव्हती. नाचावे लागत असेल असे मी समजत होतो. पहिल्या वर्षी मी एकदाच नाचलो, राजेसाहेबांपुढे. बाकीचे दिवस फळ्यावर पावले काढली. डावे पाऊल पांढऱ्या खडूने, उजवे तांबड्या. तिथे सगळ्या गोष्टींना आधी नाव लागते, नावाला संस्कृत लागते, आणि संस्कृताला आधार लागतो. आधार देण्यासाठी एक वृद्ध पंडित नेमले होते. फार विद्वान. त्यांनी आयुष्यात कोणाला नाचताना पाहिले नव्हते, त्यामुळे त्यांची मते पक्की होती. त्यांनी मला विचारले की तुमची ही स्त्रीची चाल कोणत्या परंपरेतली? आता दादा, मी खरे काय सांगणार? ती चाल मी कोणा गुरूकडे शिकलो नाही. लग्न झाल्यावर चिमा मांडवीच्या विहिरीवरून डोक्यावर दोन घागरी घेऊन घाटी चढून येत असे. कमरेवरचे अंग देवळातल्या समईसारखे निश्चल, आणि खाली पावले अशी पडत की जांभा दगडसुद्धा मऊ वाटावा. मी ओट्यावर बसून दात घासायचे सोडून ते पाहात असे. (ती म्हणायची, बघत काय बसलायत, एक घागर घ्या. ती घागर मी कधी घेतली नाही. आज घेतली असती.) तीच चाल पुढच्या शिमग्यात मी गोमूला दिली आणि लोक म्हणू लागले, काशीरामाच्या अंगात देवी येते. देवी वगैरे काही नव्हती. चिमा होती.

पंडितजींना मी एवढेच म्हणालो की चाल नाटे गावची आहे. त्यांनी डोळे मिटले आणि अर्ध्या घटकेने उघडून म्हणाले, नाटे हे स्पष्टच नाट्य शब्दावरून आले आहे! झाले. तिचे नाव ठरले नाट्यगती. तिचे तेरा भेद ठरले, त्यांतले नऊ पंडितजींनी दिले. परीक्षेत प्रश्न येऊ लागला की नाट्यगतीचे उगमस्थान सांगून तिच्या पाचव्या भेदाचे विवेचन करा, आणि पंजाबातली सहा फुटी पोरे लिहू लागली की प्राचीन काळी कोकणात नाटे नावाचे नृत्याचे महापीठ होते. (वहिनींना हे सांगू नका. महापीठातल्या बायकांचा हात कसा चालतो हे त्या विद्यार्थ्यांना ठाऊक नाही.) प्रत्यक्ष शिकवताना मी मुलांच्या डोक्यावर पाण्याच्या घागरी देत असे. पहिल्या महिन्यात विद्यापीठाचे अंगण शेतासारखे भिजले. मुले कष्टाळू होती, एकदोघे खरोखर गुणी होते, पण ती चाल काही कोणाला आली नाही. मी दाखवत असे, ते करत, मी म्हणत असे नाही, हे ते नव्हे. मग एका वर्षी असे झाले की मी दाखवली आणि माझ्या मलाच वाटले, हे ते नव्हे.

त्या दिवशी मी तास लवकर सोडला. तिथे समुद्र नाही, दादा. सपाट मैदान, गहू, आणि धूळ. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो की मला एक नाद लागला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाली वहीत टिपून घेण्याचा. हमाल कसा चालतो, भटजी कसा, नुकता बाप झालेला माणूस कसा. चार वह्या भरल्या. लोकांना वाटे, प्रोफेसरांचा व्यासंग. खरे म्हणजे मी एकच चाल शोधत होतो आणि ती त्या मुलखात कोणाचीच नव्हती. जाताना मी चिमाचे हिरवे, तांबड्या काठाचे लुगडे नाचासाठी म्हणून बरोबर नेले होते. नाचासाठी तिथे रेशमी वस्त्रे मिळत. लुगडे ट्रंकेतच असे. (हा कंस मनातसुद्धा हळू वाचा. पहिली दोन वर्षे त्याला आपल्या घरच्या चुलीचा वास येत असे. मग येईनासा झाला.)

आता फोटो. तेहेतीस साली राजेसाहेबांच्या राज्यारोहणाचा पंचवीस वर्षांचा उत्सव झाला आणि विद्यापीठाने मासिकाचा मोठा अंक काढला. सगळ्या प्रोफेसरांचे फोटो हवे होते. माझे दोन घेतले, एक कोट-पगडीतला आणि एक गोमूच्या वेषातला, ते लुगडे नेसून. पण छापखान्यातल्या जुळाऱ्याला ती नथवाली बाई म्हणजे प्रोफेसर हे काही केल्या पटेना. त्याने आपल्या अकलेने दुरुस्ती करून खाली छापले, ‘प्रोफेसर पिलणकर व त्यांच्या सुविद्य पत्नी’. आणि मी अंक उघडूनसुद्धा न पाहता मोठ्या प्रौढीने एक प्रत तुमच्या पत्त्यावर पाठवून दिली! चिमा गणपतीसाठी नाट्याला आली होती. पडवी भरली होती. तुम्ही ते वाचलेत. दोष तुमचा नाही, छापले होते तसेच वाचलेत, आणि तुमचा आवाज खणखणीत आहे. नवरा परमुलखात दुसरी करून बसला, आणि सवत आपलेच लुगडे नेसून फोटोला उभी राहिली, हे आळीने पाहिले. त्यानंतर चिमा मांडवीला परत आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आलो तेव्हा तुम्ही मला पडवीत बसवलेत, चहा दिलात, आणि आपण दोन तास काथ्याच्या दोरांविषयी बोललो. विषय काढायची तुम्हाला लाज, मला भीती. चिमा का रुसली याचा मला तर अजून पत्ताही नव्हता. निघताना तुम्ही एवढेच म्हणालात, ती भेटायची नाय. मी परत गेल्यावर अंक उघडला आणि फोटोखालची ओळ वाचली. मग पत्रे लिहिली, सात. तुमचे उत्तर येई, ‘सर्व खुशाल.’

म्हणून यंदा मी दोन महिन्यांची रजा घेतली. अर्जात लिहिले, कोकण किनाऱ्यावरील स्त्रियांच्या गतीचा अभ्यास. रजिस्ट्रार म्हणाले, वा! माझा बेत असा होता की फोटोतल्याच वेषात, फोटोतल्याच ढंगात चिमासमोर जाऊन उभे राहायचे. शब्दावर विश्वास बसत नाही, डोळ्यांवर तरी बसेल. मंगळवारी सकाळी मचव्याने आलो, यशवंतगडाच्या बाजूला उतरलो, माडांच्या आड कपडे बदलले आणि तुमच्या घराकडे निघालो. वाटेत किनाऱ्यावर बायका पाट्या घेऊन होड्यांची वाट पाहात उभ्या असतील हे माझ्या लक्षातच आले नाही. लक्षात आले तेव्हा सगुणा वहिनी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. आधी तोंडाकडे, मग लुगड्याकडे. आणि मग त्या अशा ओरडल्या की गडावरचे कावळे उडाले: “आली गो बायांनू, सवत आली!”

तुम्ही म्हणाल, तोंड उघडून सांगायचे होते. उघडले ना! पण दादा, इतक्या वर्षांची सवय, नथ नाकात गेली की माझा आवाज आपोआप बारीक होतो. मी म्हणालो, “अहो वहिनी, मी काशीरामच!” त्यांनी ऐकले, काशीरामाची. पुढचे वाक्य मला मिळाले नाही. खराट्याचा पहिला तडाखा पाठीवर, दुसरा अंबाड्यावर. अंबाडा गेला. तेवढ्याने तरी त्यांना कळायला हवे होते, पण वहिनी म्हणाल्या, “बघा, केससुद्धा खोटे!” मी पळालो. विद्यापीठात मी पलायनगतीचे चार भेद शिकवतो. त्यांतला एकही उपयोगी पडला नाही. लुगड्याचा काष्टा सुटत आलेला, डावी वहाण वाळूत रुतलेली, मागे आठ-दहा पाट्या आणि एक खराटा. गुडघाभर पाण्यातून वळसा घालून एका उपड्या होडीआड जाऊन बसलो तेव्हा कुठे महापीठाने माझा नाद सोडला.

तर ती परकी बाई मीच. कोणी दुसरी नाही, कधी नव्हती. वहिनींवर माझा राग नाही. नणंदेसाठी अशी धावून जाणारी भावजय मिळायला भाग्य लागते, पाठ माझी असली म्हणून काय झाले. मागणे एवढेच की किनाऱ्यावर एक डावी वहाण आणि एक अंबाडा सापडल्यास जपून ठेवावा. अंबाडा सरकारी, म्हणजे विद्यापीठाचा आहे. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि वहिनींना लांबून नमस्कार.

तुमचा
काशीराम

ता. क. वहाणेचे एवढे काही नाही. चिमाला मात्र फोटोतली बाई मीच होतो एवढे सांगा. हे वाक्य कंसाबाहेर आहे, तेव्हा मोठ्याने वाचावे. दोनदा वाचलेत तरी चालेल.

ता. क. दुसरा. वरचे लिहून दोन दिवस झाले, पाकीट अजून चिकटवलेले नाही. कारण त्यात एक गोष्ट लपवली आहे आणि ती लपवून पत्र पाठवणे मला जमेना. होडीआड मी एकटा नव्हतो. थोड्या वेळाने चिमा आली. हातात पाण्याचा तांब्या होता. माझ्या पाठीवरचे वळ तिने पाहिले, त्यांवर पाणी ओतले. मी नथ काढून माझ्या खऱ्या आवाजात सगळे सांगू लागलो. फोटो, जुळारी, पंडितजी. ती म्हणाली, “ठाव हाय. पहिल्या दिशी ओळखलं मी. फोटो काढताना असा श्वास कोंडून दुसरं कोण उभं ऱ्हातंय?”

मी म्हणालो, “मग दोन वर्षं रागावलीस कशाला?”

ती म्हणाली, “लुगडं न्हेलंत माझं. मला नाय न्हेलंत.”

मी म्हणालो, “पण दादा म्हणाले होते...”

“दादाला न्यायचं होतं काय तुमाला?” असे म्हणून ती तांब्या घेऊन निघाली. भरती येत होती. ओल्या वाळूवरून ती चढावर गेली. सहा वर्षे तेरा भेद करून मी जे शिकवले त्यातले तिच्या पावलांत काही नव्हते. भेद नव्हतेच. मी वही आणली होती, पण ती काढली नाही. तिने एकदा मागे वळून पाहिले. मला वाटते, मी तेव्हाच हाक मारायला हवी होती. तोंड उघडले, पण नथ हातात असूनही आवाज निघाला नाही.

म्हणून आता स्पष्टच लिहितो. पुढच्या आठवड्यात माझी रजा संपते. विद्यापीठातली मुले वाट पाहात असतील; त्यांना सोडवत नाही, आणि चिमाला सोडून जाववत नाही. ती माझ्याबरोबर येईल का, हे दादा, तुम्ही तिला विचारा. मी पडवीत तांदूळ निवडत बसायला तयार आहे, तुम्ही दोघे बोला.

ता. क. तिसरा, आणि घाईत. आज सकाळी मी पाकिटाला खळ लावत होतो तो दारात तुमची बहीण. नाट्याहून आलेल्या मचव्यावर बसून एकटी आली. हातात एक गाठोडे. मी काही म्हणण्याआधीच म्हणाली, “आठ दिस वाट बघितली. म्हटलं, परत दादालाच इचारत बसले असतील.” मग तिचे लक्ष माझ्या हातातल्या पाकिटाकडे गेले. कोणाला लिहिताय म्हणून तिने विचारले. दादा, त्या क्षणी मला वहिनींचा खराटा परवडला असता.

तिने मला सगळे पत्र वाचून दाखवायला लावले, कंसांसकट. खराट्याच्या जागी ती इतकी हसली की तिला ओट्यावर बसावे लागले. घागरीच्या कंसाला ती हसली नाही. उठून आत गेली, घागर घेऊन आली आणि ती माझ्या हातात दिली. मी पाणी घेऊन येईपर्यंत तिने चूल पेटवली होती. मग मी तिला विचारले. तुम्हाला नाही, तिला. म्हणालो, तिकडे समुद्र नाही, चिमा. ती म्हणाली, “नसंना. सहा वर्सं समुद्राकडंच बघत होते. आता दुसरं काय हाय ते बघू.” सोमवारच्या आगबोटीने आम्ही मुंबईला आणि तिथून वर जातो. हे पत्र आता कशाला पाठवायचे म्हणून मी फाडायला निघालो, तर म्हणाली, पाठवा, दादा मालवणहून आलाय, त्याला वाचायला काहीतरी लागतंय.

तर दादा, या पत्राचे खरे कारण असे की तुमची बहीण कोणाला न सांगता निघून आली आहे. तिला शोधू नका. पण निघायच्या आदल्या दिवशी तिने मागच्या पडवीच्या छपरावर दोन सुपे बांगडे सुकत घातले आहेत आणि ते वहिनींना सांगायची ती विसरली. आल्यापासून दहादा तरी तिने त्या बांगड्यांचे नाव काढले असेल. ते आधी उतरवून घ्या, मांजरे फार झाली आहेत म्हणे. समुद्र नाही म्हटल्यावर न बिचकलेली बाई, तिकडे सुके बांगडे मिळत नाहीत म्हटल्यावर मात्र खाली बसली आहे आणि गाठोडे सोडते की काय असे मला वाटू लागले आहे. तेव्हा कृपा करून निदान एक सूप तरी रविवारच्या मचव्याने मांडवीला पोचेलसे करा.

काशीराम